चष्मा तयार आहे

३ जून

ती. आत्यास,

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. आपल्या चष्म्याच्या सहाही दुकानांच्या संगणकांतल्या जुन्या खुणांची साफसफाई करायची आहे. तिची चाचणी मी सोमवारी मुख्य दुकानात घेतली. खऱ्या नोंदींवर नाही, वेगळ्या काढून ठेवलेल्या प्रतींवर.

२. साफसफाई व्यवस्थित झाली.

३. त्यानंतर तुझ्या दुकानाची प्रत जोडली. मागच्या महिन्यात पंखा बदलायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने ती तुझ्या संगणकावरून उतरवून आणली होती.

४. आम्ही काढून टाकलेले ग्राहक सहाही दुकानांत परत आले. हे ग्राहक हयात नाहीत.

५. त्यांत बाबा होते.

६. चाचणीतले संदेश बाहेर जात नाहीत, फक्त आपल्या माणसांच्या फोनवर जातात. बाबांचा नंबर त्या यादीतून काढायचा राहिला होता.

७. बाबांच्या फोनवर संदेश आला : "आपला चष्मा तयार आहे. कृपया घेऊन जावा."

खुणा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. प्रत्येक दुकानात सगळ्या नोंदींची एकेक प्रत असते. दिवसभरात एका दुकानात जे बदलतं ते संध्याकाळी बाकीच्यांना कळतं. कोणाला काय कळलं हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येक बदलाची एक खूण राहते. नोंद काढून टाकली तर ती नोंद जाते, पण "काढली" अशी खूण मागे राहते. ज्या दुकानाला अजून कळलेलं नाही त्याला ती कळवते. अशा खुणा वर्षानुवर्षं साठल्या आणि सगळं काम मंदावलं. म्हणून साफसफाई.

तुझं दुकान हिवाळ्यापासून इकडे बोललेलं नाही. माणसं काढल्याचं त्याला कळलेलंच नव्हतं, आणि कळवणारी खूण मी पुसली. तुझ्या प्रतीने बाबांची नोंद नवी समजून सगळ्यांना पाठवून दिली.

दोन प्रश्न आहेत. तुझी लाइन का बंद आहे? आणि बाबांच्या नावावर चष्म्याची मागणी कशी? त्यांचा शेवटचा चष्मा माझ्याकडे आहे. दुसरा त्यांनी टाकलेला नव्हता.

खरी साफसफाई काकांनी १ जुलैला ठरवली आहे. त्याआधी उत्तर हवं. दुकानाचा फोन लागत नाही आणि मोबाइल तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझी भाची


८ जून

चि. भिंग,

अनेक आशीर्वाद. पाकीट फोडलं तर एक, दोन, तीन, चार! वाटलं, वीज तोडण्याची नोटीस आली. तळाला तुझी सही दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. "तुझी भाची" म्हणे. मला भाची एकच आहे आणि तिला नाव मीच ठेवलंय. दुकानातलं मोठं भिंग डोळ्याला लावून मुंग्या बघत बसायचीस. गिऱ्हाईक आलं तरी हलायची नाहीस. उलट त्याच्याच नाकाकडे भिंगातून बघायचीस.

लाइनचं विचारतेस. उंदीर, दुसरं काय! तार कुरतडली. दुकानाचा फोनही त्याच तारेवर, तोही मुका झाला. मोबाइल मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस आणि मग आपण दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. पत्रात निदान पान भरावं लागतं.

चष्म्याचं म्हणशील तर पडली असेल चुकून नोंद. वय झालं माझं. त्या संगणकावर कुठलं बटण दाबलं की काय उगवेल याचा मला आजही पत्ता नसतो.

इथे सगळं जिथल्या तिथे आहे. दाराची घंटा अजून दोनदा वाजते, एकदा दार उघडताना आणि एकदा गिऱ्हाइकाला वाटतं की आता वाजणार नाही तेव्हा. तपासणीची खोली तशीच बोळकांडीसारखी. तुला आठवतं का, खोली लांबीला कमी पडली म्हणून दादाने समोर आरसा लावला आणि तक्ता खुर्चीच्या मागे टांगला? आरशात सुलट दिसावीत म्हणून सगळी अक्षरं त्याने स्वतः उलटी रंगवली होती. तू शाळेत पहिल्या दिवशी पाटीवर उलटा 'क' काढून आलीस. बाई रागावल्या, तर त्यांना म्हणालीस, "आरसा आणा, मग दिसेल." दादाला हे कळलं तेव्हा हसताना त्याच्या हातून काच पडली. रागवायला हवं होतं ते राहूनच गेलं.

आणि ती ट्रायल फ्रेम! काचा अडकवायची लोखंडी फ्रेम नाकावर चढवून रस्त्यावर निघून गेली होतीस. नाकापेक्षा मोती जड. चौकातून शोधून आणली तुला.

आता माझा एक प्रश्न. तुझ्यासारखे दोन मला सुचत नाहीत. दादाला जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याच्या फोनवर संदेश आला म्हणतेस. बंद पडलेल्या फोनवर संदेश येत नाही, एवढं तर मलाही कळतं. तो फोन चालू कोण ठेवतं?

तुझी,
आत्या


१२ जून

ती. आत्यास,

फोन मी चालू ठेवते. तो माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात असतो. रविवारी चार्ज करते. आईला माहीत नाही. कारण लिहिण्यासारखं नाही.

आता तारेबद्दल. उंदराने कुरतडलेली तार कशी असते ते मला माहीत आहे. दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं, "ताई, तुमच्या आत्यांकडची तार अगदी नीट गुंडाळून, चष्म्याच्या दोरीने बांधून खिळ्याला टांगलेली आहे. इतकी नीट तार मी आयुष्यात बघितली नाही." उंदीर दोरी बांधत नाहीत.

शिवाय तुझी प्रत इकडे शेवटची ज्या संध्याकाळी बोलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मयत ग्राहक काढायचे होते. काकांनी तशी सूचना सगळ्या दुकानांना आधी पाठवली होती. ती तुलाही मिळाली असणार.

मी तुला दोष देत नाही. परिस्थिती सांगते.

१ जुलैच्या आधी तू तार जोडलीस तर तुझ्या सगळ्या नोंदी इकडे येतील आणि इकडची "काढली" ही खूण तिकडे जाईल. बाबांची नोंद तुझ्याकडूनही जाईल.

नाही जोडलीस तर काकांच्या हिशेबी तुझी प्रत मेलेली. ती पूर्ण पुसून मुख्य दुकानाची प्रत तुझ्याकडे बसवतील. मग बाबांची नोंद जाईलच, पण त्याबरोबर हिवाळ्यापासून तू तपासलेले सगळे डोळेही जातील. नाक्यावरच्या शिंपीणबाईंना तू दुहेरी काच दिली आहेस, ते फक्त तुझ्या संगणकात आणि चाचणीच्या प्रतीत आहे, आणि चाचणीच्या प्रती शेवटी पुसून टाकतात. त्यांचा चष्मा फुटला तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल, आणि तोवर सुई ओवता येणार नाही.

दोन्ही वाटांनी नोंद जाते. दुसऱ्या वाटेने शिंपीणबाईही जातात.

चष्म्याच्या मागणीची तारीख बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यातली आहे. बटण चुकीचं दाबून तारीख पडू शकते, नंबर पडत नाही. या नोंदीत दोन्ही डोळ्यांचे नंबर आहेत, डोळ्यांमधलं अंतर आहे, फ्रेमचा रंगसुद्धा आहे. पण नंबर बाबांचा नाही. त्यांचा नंबर वर्षानुवर्षं जवळजवळ एकच होता, तूच म्हणायचीस, "दादाचे डोळे थिजलेत." हा नंबर बराच जास्त आहे. हा चष्मा कोणाचा?

तक्ता मला आठवतो. बाबा रविवारी मला दुकानात आणायचे तेव्हा तू शिडीवर चढून फ्रेमांवरची धूळ पुसत असायचीस आणि ते खुर्चीत बसून आरशातली तळाची ओळ मोठ्याने वाचायचे. मला वाटायचं, जगात एवढं बारीक फक्त त्यांनाच दिसतं.

कृपया चष्म्याबद्दल खरं लिही.

तुझी भाची


१७ जून

चि. भिंग,

चोराच्या मनात चांदणं. दोरीवर पकडलंस. ती चांगली दोरी होती म्हणून वापरली, नाहीतर सुतळीने बांधली असती आणि उंदीर खपून गेला असता.

खरं लिही म्हणालीस, तर ऐक. तळाची ओळ त्याला दिसत नव्हती गं. ती त्याने स्वतःच रंगवली होती. उलटी, आरशात बघून, रात्रंदिवस खपून. मरेपर्यंत विसरला नसता. मी विचारायची, "शेवटची ओळ?" की हा गाणं म्हटल्यासारखा म्हणून मोकळा. मला संशय यायचा. मी म्हणायची, "दादा, वाचतोयस की म्हणतोयस?" तर म्हणायचा, "तू काचा बदल, पंचाईत करू नको." गावाचे डोळे तपासले मी, आणि घरच्या माणसाने वर्षानुवर्षं डोळ्यांत धूळ फेकली.

मग धाकट्याने, तुझ्या काकाने, सगळ्या दुकानांना तो दिव्याचा तक्ता पाठवला, बटण दाबलं की अक्षरं बदलणारा. मी नाकं मुरडली. जुना तक्ता उतरवला नाही, त्याच्यापुढे हा ठेवला. आणि पुढच्याच खेपेला दादा आला. सहज आला होता, मला औषधं आणून द्यायला. म्हटलं, बस. बसला. पहिली ओळ वाचली. दुसरी रडतखडत. तिसरीला थांबला. म्हणाला, "अगं, ही कोणी बदलली?"

मी म्हटलं, "कोणी नाही. ही अशीच असतात. आम्ही बाकीचे सगळे असेच वाचतो."

इतके हसलो आम्ही! बाहेर बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते उठून आत डोकावलं. मग मी एकेक काच घातली. आता? आता? बरोबर काच बसली तेव्हा त्याने मान वर केली. आरशात माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

मी म्हटलं, "दहा वर्षं झाली, दादा."

फ्रेम त्याने निवडली, काळी. तुला आवडेल म्हणाला. "भिंगला सांगू नको, तिच्यासमोर एकदम घालून जाईन." काचा घासायला मी वेळ लावला. त्या आठवड्यात कामं फार होती, आणि घाई त्यालाही नव्हती. पुढचं तुला माहीत आहे.

काचा मी नंतर घासल्या. लोक भेटायला येत होते आणि मी मागे यंत्रावर बसले होते. चष्मा झाला, पुसला, डबीत घातला. आणि झालेल्या कामाची नोंद करायची असते, म्हणून केली. 'तयार.' त्यात चूक काही नाही, बाई. चष्मा तयार होताच.

त्याच दिवशी धाकट्याचा कागद आला. मयत ग्राहक काढणार. त्याचं काय जातं म्हणायला? जन्मल्यापासून दुसऱ्याचा पसारा आवरत फिरतो. संध्याकाळी ते 'तयार' तिकडे जायच्या आत मी तार काढली. रोज सकाळी संगणक लावला की पहिल्या पानावर येतं : तयार, न्यायचे आहेत. त्यात खाली दादाचं नाव. ते बघून मी दिव्याचं बटण दाबते आणि दुकान उघडते.

तुझ्या त्या खुणेला सांग, आत्याला अजून कळलेलं नाही.

शिंपीणबाईंचा नंबर मला तोंडपाठ आहे. पण सगळ्यांचा नाही, हेही खरं. तू सांगितलंस ते समजलं. तार मात्र मी जोडणार नाही. माझ्याच्याने होत नाही.

तुझी,
आत्या


२३ जून

ती. आत्यास,

तुझं पत्र कामावर मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नंतर खण उघडून फोन बघितला. संदेश अजून तसाच आहे.

त्यानंतर जे झालं ते लिहिते.

चाचणीच्या अहवालावर मी 'नापास' असं लिहिलं. तुझ्यासाठी नाही. ती नापासच होती. मेलेली माणसं परत येतात ती साफसफाई बरोबर म्हणता येत नाही. काकांनी मला बोलावलं.

"नापास म्हणजे काय? तूच लिहिलंयस की साफसफाई व्यवस्थित झाली."

"झाली. पण ज्या दुकानाला कळलं नव्हतं त्याचीही खूण पुसली गेली."

"ते दुकान मेलेलं धर आणि पुढे चल."

"ते दुकान रोज सकाळी उघडतं, काका."

"ताई मुद्दाम करतेय हे."

"हो."

काकांनी अहवाल बाजूला सारला. मग म्हणाले, "एका दुकानासाठी पाच दुकानांनी थांबायचं?"

मी म्हटलं, थांबायचं नाही, क्रम बदलायचा. आत्तापर्यंतचा नियम असा होता की खूण ठरावीक जुनी झाली की पुसायची. मी नवा सुचवला : सहाही दुकानांनी "कळलं" असं कळवल्यावरच पुसायची. मग ती कितीही जुनी असो. हा नियम लावून चाचणी पुन्हा घेतली. कोणी परत आलं नाही.

काकांनी अहवाल वाचला आणि सही केली. साफसफाई १५ जुलैवर गेली. त्यापुढे नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. जाताना मी दारात असताना त्यांनी विचारलं, "फ्रेम कुठली घेतली होती दादाने?" मी काळी म्हटलं. तुझ्या पत्रातलं बाकी काही मी त्यांना सांगितलेलं नाही. ते मान हलवून पुन्हा कागदात बघायला लागले. त्या कागदाची पुढची बाजू खाली होती.

दुसऱ्या चाचणीत आणखी एक गोष्ट कळली. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तार जोडलीस तर बाबांची नोंद आपोआप जाईल. ते चुकीचं होतं. इकडे नोंद काढली गेली, पण तिकडे तू त्याच नोंदीवर काम करून ठेवलं होतंस, 'तयार' लिहिलं होतंस. दोन दुकानं एकाच माणसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा प्रणाली स्वतः ठरवत नाही. ती थांबते आणि पडद्यावर विचारते : ठेवायची की काढायची? उत्तर कोणीतरी माणसाने द्यायचं असतं. आपल्याकडे ते काम माझं आहे.

म्हणजे मी ती नोंद ठेवू शकते. कोणी विचारणार नाही. काकाही नाहीत, असं आता मला वाटतं.

ठेवली तर काय होईल तेही सांगते. तयार झालेला चष्मा कोणी नेला नाही तर प्रणाली दर महिन्याला आठवण पाठवते. तुझी तार काढलेली होती म्हणून आत्तापर्यंत ती गेली नाही. जोडल्यावर जाईल. दर महिन्याला खणात फोन वाजेल आणि चष्मा तयार आहे म्हणेल. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी उत्तर लिहायला घेतलं होतं. "येतो" एवढं लिहून झालं, मग खोडलं.

माझा कल काढण्याकडे आहे. पण उघडी मागणी असलेला ग्राहक काढत नाहीत, हा आपल्याच दुकानांचा नियम आहे, आणि तो बाबांनीच केलेला आहे. आधी चष्मा द्यायचा. म्हणून मी असं सुचवते.

मी शनिवारी, ४ जुलैला, सकाळच्या गाडीने येते. चष्मा मी घेईन. तू रीतसर नोंद कर : 'दिला', घेणाऱ्याचं नातं 'मुलगी'. मग आपण तार जोडू. दोरी फेकू नकोस, चांगली आहे. तुझी प्रत आधी सांगते आणि मग ऐकते. हा क्रम मी केलेला नाही, पहिल्यापासून तसाच आहे. आधी शिंपीणबाई आणि बाकीचे सगळे इकडे येतील, मग 'दिला' येईल. चष्मा दिला की ग्राहकाला एक शेवटचा संदेश जातो. फोन मी बरोबर आणते. तो संदेश दुकानात वाजू दे, तुझ्यासमोर. त्यानंतर पडद्यावर प्रश्न येईल. बटण मी तुझ्या सांगण्याशिवाय दाबणार नाही.

आणखी एक काम आहे. माझे डोळे तपास. पडद्यावरची अक्षरं मी वर्षभर मोठी करत आले आहे. जुन्या तक्त्यावर तपासू नकोस. तळाची ओळ मलाही पाठ आहे. रविवारी तू शिडीवर असायचीस तेव्हा बाबांनीच शिकवली, "आत्याला सांगू नको" म्हणून. दिव्याच्या तक्त्यावर बसव आणि बरोबर काच लागेपर्यंत सोडू नकोस. मला तुझे केस नीट बघायचे आहेत.

नोंद ठेवायची की काढायची, आणि मी शनिवारी येऊ का, या दोन्हींचं उत्तर गुरुवार, २ जुलैपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.

भिंग